तुरुंगात पाठवलेला पैसा कोणाचा?

तुरुंगातल्या माणसाला घरून पैसे पाठवण्याचा विषय निघाला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: गुन्हा केलाय ना, मग भोगू दे, त्याला बाहेरून पैसे कशाला हवेत? हे बोलणारा माणूस सगळा मामला कैद्याच्या सुखसोयींचा आहे असं धरून चालतो. मला वाटतं, आधी पैसे पाठवणाऱ्याकडे पाहायला हवं. ज्याच्यावर कसलाही आरोप नाही, ज्याला कुठल्याही न्यायालयाने शिक्षा सुनावलेली नाही, अशा माणसाच्या खिशातून हा पैसा निघतो. या पैशावर कोण किती हात मारतो, हा प्रश्न म्हणूनच सार्वजनिक आहे आणि त्याचं उत्तर सरकारने द्यायला हवं.

हा पैसा पाठवतं कोण? अमेरिकेत २०१५ साली एला बेकर सेंटरने इतर संस्थांच्या मदतीने कैद्यांच्या कुटुंबांची पाहणी केली. खटल्याशी संबंधित खर्च ६३ टक्के प्रकरणांत प्रामुख्याने घरच्यांनीच उचलला होता, आणि उचलणाऱ्यांत ८३ टक्के बायका होत्या. फोन आणि भेटीगाठींच्या खर्चापायी दर तीन कुटुंबांतलं एक कर्जात गेलं होतं. म्हणजे तुरुंगातल्या खात्यात पैसे भरणारी व्यक्ती बहुतेक वेळा कुणाची तरी आई, बायको, बहीण किंवा आजी असते. घरातला कमावता माणूस आत गेल्यामुळे तिची मिळकत आधीच घटलेली असते, आणि त्या घटलेल्या मिळकतीतून ती आत पैसे पाठवते.

आता या पैशाचं आत काय होतं ते पाहू. साबण, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, अंतर्वस्त्रं, पोस्टाची तिकिटं, लिहायला कागद, फोनची मिनिटं, आणि मिळणाऱ्या जेवणाने पोट भरत नसेल तर वरून काहीतरी खायला. चैनीच्या वस्तू या यादीत अगदी थोड्या सापडतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये कैद्यांच्या वागणुकीसंबंधीचे किमान नियम सुधारून स्वीकारले आणि त्यांना नेल्सन मंडेला यांचं नाव दिलं. त्यांतला १८वा नियम सांगतो, की आरोग्य आणि स्वच्छता राखण्यासाठी लागणारं पाणी आणि प्रसाधनाच्या वस्तू कैद्याला तुरुंगाने द्यायच्या आहेत. २२वा नियम सांगतो, की आरोग्य आणि ताकद टिकेल इतकं पौष्टिक अन्न तुरुंगानेच पुरवायचं आहे. याचा अर्थ, आई साबणासाठी पैसे पाठवते तेव्हा ती सरकारचं काम स्वतःच्या पैशाने करत असते. तिने ते करावं अशी अपेक्षाही आता कुणाला विचित्र वाटत नाही, याची मला फार काळजी वाटते.

याच नियमावलीतल्या १०३व्या नियमात कैद्याच्या कामाला रास्त मोबदला द्यावा असं म्हटलं आहे. त्या मोबदल्यातला काही भाग त्याने स्वतःसाठी खर्चावा, काही घरी पाठवावा आणि काही सुटकेच्या दिवसासाठी शिल्लक टाकावा, अशी ती कल्पना आहे. पैशाचा प्रवाह आतून बाहेर जाईल असं नियम करणाऱ्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो उलटा वाहतो, कारण आत कमाईच नाही. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने २०२२ साली काढलेल्या अहवालाप्रमाणे तिथल्या कैद्यांना तासाला सरासरी १३ ते ५२ सेंट मिळत होते, आणि टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा यांसारख्या राज्यांत बहुतेक कामांसाठी एक सेंटही मिळत नव्हता. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने आणि राज्य सहकारी बँकेने मे २०२२ मध्ये येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्ज योजना सुरू केली. कैद्याच्या आतल्या मजुरीवर त्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळावं आणि ते घरच्यांच्या उपयोगी पडावं, असा तिचा हेतू. कैदी हा कुटुंबाला पोसणारा माणूस असू शकतो हे या योजनेने मान्य केलं, म्हणून मला ती मोलाची वाटते. पण ती अपवाद आहे.

पैसे पाठवण्याची रीत जरा जवळून पाहू. अमेरिकेत एखाद्या आईला तुरुंगातल्या मुलाला २० डॉलर पाठवायचे आहेत असं समजू. हे काम तिथे बहुधा तुरुंगाने नेमलेली खासगी कंपनी करते. तिच्या संकेतस्थळावर आधी तुरुंग निवडायचा, मग मुलाचं नाव आणि कैदी क्रमांक भरायचा. एक आकडा चुकला की पैसे अडकले. रक्कम टाकली की तिच्याखाली शुल्काची ओळ उमटते. हे शुल्क सहसा टप्प्यांनी ठरलेलं असतं, त्यामुळे रक्कम जितकी लहान तितका शुल्काचा वाटा मोठा. ज्याला एकदम २०० डॉलर पाठवता येतात त्याला ते फारसं बोचत नाही. जिला पगार झाल्यावर २० आणि पुढच्या आठवड्यात जमलं तर आणखी २० असं पाठवावं लागतं, तिच्याकडून तेच शुल्क पुन्हा पुन्हा जातं. ते टाळायचं असेल तर पुष्कळ ठिकाणी मनीऑर्डरचा मार्ग उघडा असतो. पण ती दूरच्या कुठल्या तरी पत्त्यावर जाते, तिथे तपासली जाते, आणि पैसे खात्यात दिसायला बरेच दिवस लागतात. कँटीनची मागणी आठवड्यातून एकदाच घेत असतील तर तेवढ्यात तो दिवस हुकतो आणि मुलगा आणखी आठवडाभर साबणाविना राहतो. म्हणून आई शुल्क भरते.

कंपन्यांची बाजू अशी, की ही सेवा आहे, सेवेला खर्च येतो, आणि तो वापरणाऱ्याने द्यावा. हे म्हणणं मी बाजारातल्या इतर सेवांबाबत मान्य करेन. तिथे गिऱ्हाईकाला दुसरीकडे जाता येतं. इथे कंपनी निवडतो तुरुंग आणि पैसे भरते आई. ज्याला निवडीचा अधिकार आहे त्याच्या खिशातून काही जात नाही, आणि जिच्या खिशातून जातं तिला निवड नाही. त्यात भर म्हणजे अशा करारांत कंपनीच्या कमाईतला वाटा तुरुंग चालवणाऱ्या यंत्रणेला मिळण्याची प्रथा तिथे वर्षानुवर्षं चालत आली आहे. मग शुल्क कमी करून घेण्यात यंत्रणेला रस का वाटावा? जो करार सरकारला सर्वांत जास्त वाटा देतो तो सरकारी हिशेबात उत्तम ठरतो, आणि कुटुंबांच्या दृष्टीने तोच सर्वांत वाईट असतो.

शुल्काशिवाय हे काम होऊच शकत नाही, असंही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये कैद्याला पैसे पाठवण्यासाठी सरकारचीच ऑनलाइन सेवा आहे आणि डेबिट कार्डाने पैसे भरणाऱ्याकडून ती शुल्क घेत नाही. नोव्हेंबर २०२० पासून तिथे रोकड, धनादेश, पोस्टल ऑर्डर हे मार्ग जवळपास बंद केले गेले. ज्यांना ऑनलाइन व्यवहार जमत नाही अशा म्हाताऱ्या नातेवाइकांची त्याने पंचाईत होते, आणि त्यांच्यासाठी दुसरी वाट ठेवायलाच हवी. पण मूळ मुद्दा सिद्ध होतो: पैसे पोचवण्याचा खर्च हा तुरुंग चालवण्याच्या खर्चाचाच भाग धरता येतो.

खरं तर हा वाद अडीचशे वर्षांपूर्वीच निकालात निघायला हवा होता. १७७३ साली जॉन हॉवर्ड इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्याचे शेरीफ झाले. त्यांनी तुरुंगात जाऊन पाहिलं तर तिथे न्यायालयाने निर्दोष ठरवलेली माणसंही अडकून पडलेली. कारण एकच: जेलरची फी द्यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. जेलरला पगार नसे, त्याचं पोट कैद्यांकडून मिळणाऱ्या फीवर चाले. जेलरला पगार द्या म्हणजे ही फी बंद होईल, असं हॉवर्ड यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांना सुचवलं. दंडाधिकारी म्हणाले, दुसऱ्या परगण्यात जेलरला असा पगार कुठे मिळत असेल तर दाखवा. हॉवर्ड शोधायला निघाले आणि त्यांना एकामागून एक तुरुंगात तोच अन्याय दिसला. त्यातून १७७४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि सुटका झालेल्यांकडून फी घेणं बंद झालं.

आता अलीकडचं पाहा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॅम्झी काउंटी अटक करून आणलेल्या माणसाच्या खिशातल्या रोकडीतून २५ डॉलर ‘बुकिंग फी’, म्हणजे तुरुंगात नोंद करण्याचं शुल्क, कापून घेत असे. आरोप टिकले नाहीत तर पैसे परत मिळत, पण त्यासाठी कागदपत्रं जोडून अर्ज करायचा. उरलेली रक्कम सुटताना डेबिट कार्डावर मिळे, आणि ते कार्ड वापरायलाही शुल्क. या कपातीविरुद्धचा दावा २०१६ मध्ये अपील न्यायालयात फेटाळला गेला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. सुटकेच्या कार्डांचा प्रश्न मात्र दुसऱ्या बाजूने पुढे आला. जेपे ही कैद्यांपर्यंत पैसे पोचवणारी मोठी कंपनी. ग्राहकांच्या आर्थिक हितरक्षणासाठी असलेल्या तिथल्या केंद्रीय यंत्रणेने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरवलं, की सुटणाऱ्या माणसांना त्यांचेच पैसे शुल्क लागणाऱ्या कार्डावर घ्यायला भाग पाडून या कंपनीने कायदा मोडला. ४० लाख डॉलर ग्राहकांसाठी आणि २० लाख डॉलर दंड, असा आदेश निघाला. त्या कार्डांवर काही कैद्यांचे ‘गेट मनी’ही होते, म्हणजे बाहेर पडल्यावर पहिले काही दिवस निघावेत म्हणून राज्याने दिलेले पैसे. हॉवर्ड यांना दिसलेल्या जेलरच्या फीत आणि या शुल्कात मला तत्त्वाचा फरक दिसत नाही. तेव्हा जेलर हात पुढे करायचा, आता करारात लिहून ठेवलेलं असतं.

फोनचं थोडक्यात सांगतो, कारण पाठवलेल्या पैशाचा मोठा भाग तिकडेच जातो. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने २०१९ पासून आपल्या तुरुंगांतले फोन मोफत केले. कनेक्टिकट राज्याने २०२१ मध्ये तसा कायदा केला आणि २०२३ पासून कॅलिफोर्नियानेही राज्याच्या तुरुंगांत ते केलं. केंद्रीय दूरसंचार आयोगाने २०२४ मध्ये दरांवर कडक मर्यादा घातली आणि तुरुंगांना मिळणाऱ्या कमिशनवर बंदी आणली, पण पुढच्याच वर्षी अंमलबजावणीची मुदत लांबवली. आपल्याच मुलाशी बोलण्याचा दर कंपनीने ठरवावा ही गोष्ट मला कुठल्याच तत्त्वात बसवता येत नाही.

आता सगळ्यांत अवघड भागाकडे वळतो. पीडितांचं काय? या प्रश्नाला बगल देऊन कैद्यांच्या बाजूने लिहिणं मला पटत नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने अनेक मुलींवर लैंगिक अत्याचार केले. सरकारी वकिलांनी २०२१ मध्ये न्यायालयापुढे मांडलं, की तुरुंगात गेल्यापासून त्याच्या खात्यात १२ हजारांहून जास्त डॉलर आले, त्यातले १० हजारांहून अधिक त्याने स्वतःवर खर्च केले, आणि पीडितांच्या भरपाईपोटी दिले सुमारे ३०० डॉलर. हे वाचून संताप येतो आणि तो यायलाच हवा. ज्या खात्यात हजारो डॉलर पडून आहेत त्या खात्याला हात लावायचा नाही, असं मी म्हणणार नाही.

पण अशा एका खात्यावरचा राग काढून केलेले नियम कुणावर कोसळतात? कॅलिफोर्नियाच्या कायद्यात भरपाईचा आदेश असलेल्या कैद्याच्या खात्यात बाहेरून आलेल्या रकमेतून ५० टक्क्यांपर्यंत कपात करायची मुभा आहे. मुलाला २० डॉलरच्या वस्तू घेता याव्यात असं वाटत असेल तर आईने ४० पाठवायचे. कपात मुलाच्या नावावर होते आणि भार आईवर पडतो. तिने कुणाचं नुकसान केलेलं नाही. न्यायाधीशाने भरपाईचा आदेश दिला तेव्हा ती आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हती. गुन्हा ज्याचा त्याचा असतो आणि तो घरादाराला लागत नाही, हे फौजदारी कायद्याचं अगदी प्राथमिक तत्त्व आहे, आणि या कपातीने ते मागच्या दाराने मोडलं जातं.

कैद्याची स्वतःची कमाई आणि घरून आलेला पैसा यांत फरक करायला हवा, असं मला वाटतं. कमाई त्याची आहे, तिच्यातून पीडितांना देणं रास्तच आहे. आणि ते मनापासून हवं असेल तर कैद्याला खरी मजुरी द्या. तासाला काही सेंट मिळवणाऱ्या माणसाकडून भरपाई वसूल होईल ही आशा पोकळ आहे, आणि तिची वाट पाहायला लावून आपण पीडितांचीही फसवणूक करतो. घरून आलेल्या पैशाबाबत एक रेघ ओढता येईल. महिन्याच्या साध्या गरजा भागतील इतक्या रकमेला कुणीही हात लावू नये. त्यापलीकडे खात्यात साठत जाणाऱ्या पैशावर पहिला हक्क पीडितांचा असावा. नासरसारखं खातं या रेघेच्या कितीतरी पलीकडे जातं, आणि म्हाताऱ्या आईचे २० डॉलर अलीकडे राहतात.

सरकारला स्वतःला कैद्याकडून येणं असलेल्या रकमांबाबत मात्र मी अशी रेघही ओढायला तयार नाही. न्यायालयाची फी, तुरुंगात राहण्याचं भाडं, देखरेखीचा आकार, यांतलं काहीही घरच्यांच्या पैशातून कापलं जाऊ नये. कनेक्टिकट राज्य कैद्याकडून तुरुंगवासाचा खर्च म्हणून दिवसाला २४९ डॉलर लावत असे. २०२२ मध्ये त्या कायद्याला बरीच कात्री लागली. अमेरिकेत १९९६ पासून असा कायदा आहे, की तुरुंगातल्या वागणुकीविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दाद मागणाऱ्या गरीब कैद्यालाही दाव्याची फी माफ होत नाही. ती हप्त्याने, आधीच्या महिन्यात खात्यात जमा झालेल्या रकमेच्या २० टक्के दराने कापली जाते. तुरुंगाने नीट वागवलं नाही म्हणून मुलाने दावा केला, तर त्याची किंमत आईच्या पैशातून जाते. मंडेला नियमांतला ६७वा नियम याच्या अगदी उलट सांगतो. आत येताना कैद्याजवळ असलेले पैसे सुरक्षित ठेवायचे, सुटताना परत करायचे, आणि बाहेरून त्याच्यासाठी आलेल्या पैशालाही हीच वागणूक द्यायची. तुरुंग हा त्या पैशाचा राखणदार आहे. राखणदाराने त्यातून आपला वाटा काढून घ्यायचा नसतो.

इथवर मी कैदी म्हणजे शिक्षा झालेला माणूस असं धरून बोललो. पण जगभर आत असलेल्यांपैकी फार मोठ्या संख्येचा गुन्हा सिद्धच झालेला नाही. भारतात २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसं होती आणि त्यांतले ७५ टक्क्यांहून जास्त कच्चे कैदी होते, म्हणजे खटला चालू असलेले किंवा सुरूच न झालेले. अमेरिकेतल्या स्थानिक तुरुंगांतही बहुसंख्य माणसं दोषी ठरलेली नसतात. यांतले कितीतरी जण जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत असतात. ज्या घराकडे जामिनापुरते पैसे नव्हते, त्याच घराने आता दर महिन्याला आत पैसे पाठवायचे, त्यावर शुल्क द्यायचं, आणि उद्या माणूस निर्दोष सुटला तर यांतलं काहीही परत मिळणार नाही. ‘गुन्हा केलाय, भोगू दे’ म्हणणाऱ्याने इथे तरी थांबावं. इथे भोगायला लावण्याचा निवाडा अजून कुणी दिलेला नाही.

आणखी एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो तुरुंगात काम करणारी माणसं घेतात. बाहेरचा पैसा आत आला की त्याबरोबर खंडणी, कर्जवसुली आणि अमली पदार्थांचा व्यवहार येतो. हे खरं आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने अलाबामातल्या पुरुषांच्या तुरुंगांची चौकशी करून २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले, त्यांत आतल्या टोळ्या कैद्यांच्या घरच्यांना धमकावून पैसे उकळतात याचा स्पष्ट उल्लेख आहे. घरी फोन येतो: अमुक इतके पैसे पाठव, नाहीतर तुझ्या मुलाचं काही खरं नाही. आई पाठवते. म्हणून कोणी कुणाला किती पाठवलं याची नोंद हवी, एकच अनोळखी माणूस अनेक कैद्यांच्या खात्यांत पैसे टाकत असेल तर विचारणा हवी, आणि महिन्याच्या रकमेला मर्यादा हवी. यांतल्या एकाही उपायासाठी शुल्क लागत नाही. उलट सरळ मार्ग महाग आणि संथ केला की माणसं आडमार्गाला लागतात, आणि आडमार्गाची नोंद कुठेच राहत नाही.

मर्यादेचं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या लेखी ते अधिक महत्त्वाचं. आत पैशाला मोकळं रान दिलं की तुरुंगात दोन वर्ग तयार होतात. बोलिव्हियात ला पाझ शहरातला सान पेद्रो तुरुंग त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे कोठडी विकत किंवा भाड्याने घ्यावी लागते, आत दुकानं चालतात, आणि ज्याच्याकडे पैसा त्याला ऐसपैस जागा मिळते. शिक्षा दोघांना एकच, पण एक जण ती घरासारख्या जागेत काढतो आणि दुसरा कोपऱ्यात, दाटीवाटीत. घरून पैसे येणाऱ्याची सोय पाहताना, ज्याला कुणीच पाठवत नाही त्याला विसरता कामा नये. ज्याचं कुणी नाही तो आत सगळ्यांत लवकर कुणाच्या तरी कर्जात आणि मग कुणाच्या तरी धाकात जातो. म्हणून साबण, पॅड, कागद, तिकीट आणि घरी बोलायला ठरावीक मिनिटं या गोष्टी प्रत्येकाला तुरुंगाकडूनच मिळायला हव्यात. त्या मिळाल्या की घरून येणाऱ्या पैशावरचा ताणही आपोआप उतरतो.

हा सगळा खर्च करदात्यांनी का सोसावा, असं विचारणाऱ्यांना मी हिशेबाच्याच भाषेत उत्तर देईन. मिनेसोटाच्या सुधारगृह विभागाने २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६ हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना आत असताना भेटायला माणसं येत होती, त्यांच्या बाबतीत पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी आढळला. हा अभ्यास भेटींचा आहे, पैशाचा नाही, हे मी मान्य करतो. पण भेट, फोन, पत्र आणि पैसे ही एकाच नात्याची कामं आहेत, आणि ती करणारी माणसंही तीच असतात. महिन्याचं बजेट शुल्कात आणि कपातीत संपलं की भेटीला जायच्या भाड्याचे पैसे उरत नाहीत. सुटलेला माणूस पहिल्या रात्री जिच्या घरी जाणार आहे, तिला आपण त्याच्या तुरुंगवासात कर्जबाजारी करून ठेवतो, आणि नंतर तो पुन्हा आत आला की आश्चर्य करतो.

हे बदलायला मोठ्या क्रांतीची गरज नाही. अशा सेवांचे करार ठरावीक मुदतीचे असतात. ते संपतात, पुन्हा निविदा निघतात. त्या वेळी सरकारला किती वाटा मिळेल हा निकष काढून टाकायचा आणि पाठवणाऱ्याला किती खर्च येईल हा एकच निकष ठेवायचा. सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्ये आपल्या तुरुंगांतले फोन मोफत केले आणि कँटीनच्या वस्तूंवर तुरुंग लावत असलेली वाढीव किंमतही बंद केली. त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नावर पाणी सोडायचं त्यांनी ठरवलं आणि तो खर्च अंदाजपत्रकात घेतला.

आणखी एक मागणी मला फार जवळची वाटते, आणि तिला जवळपास काहीच खर्च नाही. पैसे पाठवणाऱ्या व्यक्तीला, कैद्याची संमती असेल तर, दर महिन्याला हिशेबाचा कागद मिळावा: तुम्ही इतके पाठवले, इतके पोचले, कुणी किती आणि कोणत्या नियमाखाली कापले, तक्रार कुठे करायची. कैद्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं तर शिल्लक किती दिवसांत त्याच्या मागोमाग जाईल हेही त्यात लिहिलेलं असावं, आणि तो आतच मरण पावला तर उरलेली रक्कम घरच्यांना कशी मिळेल तेही. आज यातलं बरंचसं विचारायला त्या बाईला तुरुंगाच्या कार्यालयात फोन लावावा लागतो आणि कुणी उचलेपर्यंत वाट पाहावी लागते.